ज्ञानाची मूठ आणि कारागिराचे देणे



भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी उमेदीची काही वर्षे ड्रिलिंग मशीनवर काढली. तेथे एक वयस्क फिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण लोखंडाचा तुकडा हातात घेतला की तो कोठे वाकेल आणि कोठे तडकेल हे त्यांना कळत असे. आमच्याकडे बिडाच्या एका जॉबला चार बाजूंनी भोके पाडायचे काम येई. प्रत्येक बाजूसाठी जॉब सोडायचा, फिरवायचा, पुन्हा बांधायचा. त्यात वेळ जाई आणि पुष्कळ जॉब मापात न बसल्याने भंगारात जात. मामांनी दोन-तीन महिने सुटीच्या वेळात खटपट करून एक फिक्श्चर बनवले. जॉब एकदाच बांधायचा आणि फिक्श्चरच फिरवून चारही बाजू पुऱ्या करायच्या. काम निम्म्या वेळात होऊ लागले.

काही दिवसांनी काम देणाऱ्या मोठ्या कंपनीचे साहेब आले. त्यांनी फिक्श्चरची मापे घेतली, मामांच्या पाठीवर थाप मारली, चहा घेतला आणि गेले. पुढच्या महिन्यात तसेच फिक्श्चर आणखी तीन कारखान्यांत बसले, आणि आता काम लवकर होते म्हणून दर जॉबमागचा दर उतरवण्यात आला. मामांच्या पगारात एक रुपयाही वाढला नाही. त्यानंतर मामा बदलले. नवे काही सुचले तरी ते कोणाला सांगेनात. अवघड सेटिंग लावायची वेळ आली की आम्हा पोरांना बाहेर पाठवत, आणि संध्याकाळी घरी जाताना खडूच्या खुणा पुसून टाकत. पुढे आजारपणामुळे ते गावी गेले आणि तेथेच वारले. त्यांच्याबरोबर किती युक्त्या गेल्या याचा हिशेब कोणाकडेही नाही.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी पुढे दुसऱ्या कारखान्यात लागलो तेव्हा तेच फिक्श्चर तेथे करून दाखवले. मला शाबासकी मिळाली, पगारवाढही मिळाली. हे डोके कोणाचे, हे मात्र मी सांगितले नाही.

पेटंटमुळे नव्या शोधांना चालना मिळते की अडथळा होतो, हा प्रश्न वकिलांचा आणि अर्थशास्त्रज्ञांचा समजला जातो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जेथे हजारो हात रोज यंत्रावर राबतात, तेथे तो प्रत्येक कामगाराचा प्रश्न आहे. आपण जे शोधले त्यावर आपला हक्क किती? दुसऱ्याने शोधलेले आपण किती घ्यावे? आणि ज्या ज्ञानावाचून कोणाचा जीव जाणार आहे, ते ज्ञान कोणाच्या मालकीचे असू शकते काय? याचा विचार आपण स्वतःच्या बुद्धीने केला पाहिजे.

प्रथम पेटंट म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. सरकारी मराठीत त्याला एकस्व म्हणतात. ज्याने नवी वस्तू किंवा नवी पद्धत शोधली त्याने ती सरकारकडे अशा रीतीने लिहून द्यायची, की त्या विषयाचा जाणकार ते वाचून ती वस्तू बनवू शकेल. त्या बदल्यात सरकार त्याला ठरावीक काळापुरता, आपल्याकडे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, इतरांना ती बनवण्यास आणि विकण्यास मनाई करण्याचा हक्क देते. मुदत संपली की ती गोष्ट सर्वांची होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'उघडे' असा आहे. सर्वांनी वाचावे म्हणून राजाने दिलेले उघडे पत्र ते पेटंट. म्हणजे हा समाजाने शोधकाशी केलेला एक सौदा आहे: तू सांग, आम्ही काही काळ थांबतो. घर किंवा शेत जसे पिढ्यान् पिढ्या मालकीचे राहते तसा हा हक्क राहत नाही. सौद्यात समाजाला काय मिळाले हे पाहूनच त्याची किंमत ठरवली पाहिजे.

काही जण म्हणतात, दुसऱ्याच्या शोधाची नक्कल ही सरळ चोरी आहे. जे दिलेले नाही ते न घेण्याचे शील आपण पाळतो, तेव्हा हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. परंतु येथे भेद आहे. मी मामांचा हातोडा उचलून नेला तर मामांकडे हातोडा राहणार नाही. मी त्यांची युक्ती शिकलो तर ती त्यांच्याकडेही राहते आणि माझ्याकडेही येते. ज्ञान दिल्याने घटत नाही. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा तसे ते आहे. ज्या साहेबांनी ते फिक्श्चर आणखी तीन कारखान्यांत नेले त्यांनी तीन कारखान्यांतला अपव्यय थांबवला. ही चांगलीच गोष्ट झाली.

मग अन्याय कोठे झाला? अन्याय झाला तो मामांच्या श्रमाचे देणे न दिल्यात. दोन-तीन महिन्यांची त्यांची सुटी, त्यांचे जागरण, त्यांचे फसलेले प्रयत्न यांचे फळ दुसऱ्यांनी घेतले आणि त्यांच्या वाट्याला चहा आला. माझा दोषही तोच. ती युक्ती मी वापरली यात वावगे नव्हते. मामांचे नाव मी गिळले, हे दिलेले नसताना घेणे होते. म्हणून या प्रश्नात दोन कर्तव्ये वेगळी केली पाहिजेत. पहिले, ज्ञान उघडे झाले पाहिजे. दुसरे, ज्याने ते मिळवले त्याचे देणे चुकते झाले पाहिजे. पेटंट हे दुसरे कर्तव्य पार पाडण्यासाठी पहिले काही काळ अडवून ठेवते. हा त्याचा गुणही आहे आणि दोषही.

तथागतांनी अखेरच्या काळात आनंदाला सांगितले होते की त्यांनी आपली शिकवण आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक अशी ठेवली नाही. गुरू जशी शेवटची विद्या मुठीत झाकून ठेवतो, तशी आचार्यमुष्टी त्यांच्याकडे नव्हती. या देशात विद्येची मूठ जन्माच्या आधाराने मिटलेली होती आणि तिला कसलीही मुदत नव्हती. विद्या कोंडली की काय होते हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणूनच आपला पहिला कौल उघड्या ज्ञानाच्या बाजूने पडतो, आणि तो योग्यच आहे. पण येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. देणे बुडाले तेव्हा मामांनीही मूठच मिटली. कायद्याचे संरक्षण नसेल तर दुबळा शोधक आपले ज्ञान उघडे करील असे नाही. तो ते लपवील, आणि लपवलेल्या ज्ञानाला २० वर्षांची मुदतही नसते.

आता आपल्याच पट्ट्यातील एक मोठा खटला पाहू. आकुर्डीच्या बजाज ऑटोची पल्सर ही चाकणच्या कारखान्याची ओळख झालेली मोटारसायकल. लहान सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन स्पार्क प्लग समोरासमोर बसवले तर इंधनाचे मिश्रण लवकर आणि पुरेपूर जळते, धूर कमी होतो आणि पेट्रोल वाचते. या रचनेसाठी कंपनीने जुलै २००२ मध्ये अर्ज केला आणि जुलै २००५ मध्ये तिला पेटंट मिळाले. त्यात सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर असा नमूद होता. २००७ मध्ये तामिळनाडूतील टीव्हीएस कंपनीने दोन प्लगांची 'फ्लेम' ही गाडी जाहीर केली आणि भांडण मद्रास उच्च न्यायालयात गेले. टीव्हीएसचे म्हणणे असे की दोन प्लगांची कल्पना जुनीच आहे, होंडाचे तसे पेटंट पूर्वीच होऊन गेले आहे, आणि आपल्या इंजिनाला तीन व्हॉल्व्ह असून त्याचे तंत्र ऑस्ट्रियातून घेतले आहे. बजाजचे म्हणणे असे की लहान इंजिनात हे करून दाखवणे हाच नवा शोध आहे.

फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायालयाने टीव्हीएसला मनाई केली. मे २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीस मोकळीक दिली आणि असे खटले रोजच्या रोज चालवून साधारण चार महिन्यांत निकाली काढावेत असा आदेश दिला. प्रत्यक्षात हा वाद २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवला. पेटंटची मुदत २० वर्षांची आणि भांडण १२ वर्षांचे! दोन प्लग कोणाचे, याचा अंतिम निवाडा न्यायालयाने कधी दिलाच नाही. या खटल्यात दोन्ही बाजूंना वकील परवडत होते. मामांसारख्याला पहिली तारीखही परवडली नसती. हक्क कागदावर सर्वांना सारखा असतो. तो बजावण्याची ताकद सारखी नसते.

याच कंपनीचा आधीचा इतिहासही पाहा. आकुर्डीत प्रथम स्कूटर बनल्या त्या इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या परवान्यावर. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये त्याच धर्तीची 'चेतक' आली. शिकून तयार झालेला हा उद्योग तीस वर्षांनी स्वतःचे पेटंट घेऊन उभा राहिला. यात एका कंपनीला बोल लावण्याचे कारण नाही, कारण देशांचीही रीत हीच आहे. ज्या स्वित्झर्लंडची औषधे जगभर विकली जातात, त्या देशात १८८८ पर्यंत पेटंटचा कायदाच नव्हता, आणि औषधावर पेटंट देण्यास त्याने सुरुवात केली ती १९७७ मध्ये. नेदरलँड्सने तर १८६९ मध्ये होता तो कायदा रद्द केला आणि १९१२ मध्ये पुन्हा आणला. मागे असताना मोकळी वाट मागायची आणि पुढे गेल्यावर कुंपण घालायचे, असा हा व्यवहार आहे. तेव्हा पुढे गेलेला जेव्हा मागच्याला चोर म्हणतो, तेव्हा तो स्वतः कसा शिकला हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

कुंपणामुळे शोध वाढतो की खुंटतो याचा एक जुना दाखला वाफेच्या इंजिनाचा आहे. जेम्स वॉट यांनी १७६९ मध्ये पेटंट घेतले आणि १७७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने त्याची मुदत थेट १८०० पर्यंत वाढवून दिली. वॉट यांची सुधारणा खरोखर मोठी होती. भांडवल घालणारा भागीदार त्यांना मिळाला त्यात या हक्काचा वाटा होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण याच हक्काच्या जोरावर त्यांनी इतरांच्या सुधारणा कोर्टात अडवल्या. मुदत संपल्यावर कॉर्नवॉलच्या खाणींतील अभियंत्यांनी दुसरी वाट धरली. १८११ पासून ते आपापल्या इंजिनांची रचना आणि किती कोळशात किती पाणी उपसले याचे आकडे दरमहा छापून प्रसिद्ध करू लागले. एकाची सुधारणा दुसऱ्याने पाहायची आणि तिसऱ्याने तिच्यात भर घालायची. पुढच्या काही दशकांत तेवढ्याच कोळशात होणारे काम कितीतरी पटींनी वाढले. जेथे एक सुधारणा दुसरीच्या खांद्यावर उभी राहते, तेथे लांब मुदतीचे कुंपण शोधाला मारक ठरते, असा याचा अर्थ आहे. मोटारी आणि यंत्रे याच जातीची आहेत.

परंतु पेटंट नसले म्हणजे सारे आपोआप उघडे होते, असाही भ्रम नको. याचा दाखला पिंपरीतच आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलीन दिसले आणि ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे औषध केले. चेन यांची पेटंट घेण्याची इच्छा होती. पण वैद्यकीय शोधावर पेटंट घेणे नीतीला धरून नाही, असा सल्ला ज्येष्ठांनी दिला आणि ते घेतले गेले नाही. औषध तर मोकळे झाले. तरी ते मोठ्या टाक्यांत, भरपूर प्रमाणात आणि शुद्ध कसे बनवायचे, जास्त उत्पादन देणारी बुरशी कोठून आणायची, हे ज्ञान मोजक्या कंपन्यांच्या हातात राहिले. स्वतंत्र भारताला ते शिकायचे होते. युनिसेफच्या यंत्रसामग्रीच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तांत्रिक मदतीने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीन बनू लागले. नुसती शिकण्याची वाट मोकळी झाली आणि काही वर्षांत, १९६१ च्या सुमारास, तेथील डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीच्या रोगावरील नवे औषध शोधले. ज्या सूक्ष्म जीवापासून ते मिळते त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गुंफलेले आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुढे स्वस्त आयातीपुढे हा कारखाना आजारी पडला ही दुःखाची गोष्ट आहे. पण शिकू दिले तर शिकणारा स्वतः शोधक होतो, हे त्याने दाखवून दिले.

याच कारखान्यात १९६० च्या दशकात अमेरिकेच्या मर्क कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने स्ट्रेप्टोमायसिन बनू लागले. त्या औषधाची कथा आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. क्षयाचा जंतू मारणारे हे पहिले औषध १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे सापडले. प्रयोगशाळा प्राध्यापक वाक्समन यांची, आणि तळघरात रात्रंदिवस बसून ते वेगळे काढणारा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ. उत्पादनाचे सर्व हक्क करारान्वये एकट्या मर्ककडे जायचे होते. हे औषध इतके मोलाचे आहे की ते एकाच कंपनीच्या हातात राहू नये, अशी विनंती वाक्समन यांनी केली. १९४६ मध्ये मर्कने ते हक्क सोडले. पेटंट रटगर्सच्या प्रतिष्ठानकडे राहिले. अनेक कंपन्यांना परवाने मिळाले, प्रत्येकीने स्वामित्वशुल्क भरले, आणि औषध मुबलक व स्वस्त झाले. वाचकहो, हे नीट लक्षात घ्या. येथे ज्ञानही उघडे राहिले आणि देणेही चुकते झाले. दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडता येतात.

मात्र त्याच कथेत मामांचीही कथा दडली आहे. स्वामित्वशुल्काचे पैसे वाक्समन यांना मिळत होते, शॅट्झला नाही. १९५० मध्ये त्याने आपल्या गुरूवर दावा लावला, तेव्हा त्याला सहशोधक म्हणून मान्यता आणि पैशांत लहानसा वाटा मिळाला. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वाक्समन यांना मिळाले. पेटंटच्या कागदावर दोघांचीही नावे असताना हे घडले. म्हणजे कायदा असूनही राबणाऱ्याचे देणे बुडू शकते.

औषधांच्या बाबतीत आपल्या देशाने पुढे शहाणपणाचा मार्ग धरला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालानंतर १९७० चा पेटंट कायदा आला आणि तो १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट बंद झाले. ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे. आपले रसायनतज्ञ तीच औषधे नव्या पद्धतींनी बनवण्यास शिकले. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. त्याआधी त्याला दहा हजार डॉलरांहून अधिक पडत. ज्या देशात औषधाला पेटंट नव्हते त्या देशाने जगातल्या गरिबांना औषध दिले.

१९९५ च्या जागतिक व्यापार करारामुळे २००५ पासून आपल्याला औषधावर पुन्हा पूर्ण पेटंट द्यावे लागले. तरी कायद्यात दोन दारे आपण उघडी ठेवली. एक म्हणजे जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मागता येत नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीची मागणी याच कलमाखाली फेटाळली. दुसरे म्हणजे सक्तीचा परवाना. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरील बायर कंपनीचे एक औषध महिन्याला सुमारे २,८०,००० रुपयांना मिळत होते. मार्च २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याचा परवाना देण्यात आला, आणि विक्रीवर सहा टक्के शुल्क बायरला द्यावे असे ठरले. देणे चुकते, मूठ उघडी.

यावर एक खरा आक्षेप आहे. औषध शोधण्यास आणि माणसांवर तपासण्यास अफाट पैसा लागतो, अनेक प्रयत्न फसतात. नफ्याची खात्री नसेल तर कोण पैसा घालील? आक्षेप खोटा नाही. परंतु नफ्याच्या मागे जाणारे संशोधन ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्या रोगाकडेच जाते. क्षय हा भट्टीत, दगडाच्या खाणीत आणि कोंदट खोलीत राहणाऱ्यांचा रोग. जगात पेटंटचे कायदे कडक असताना ४० वर्षे त्यावर नव्या वर्गातले एकही औषध आले नाही. आले ते २०१२ मध्ये, बेडाक्विलिन. त्याचीही पेटंटमुदत भारतात २०२३ मध्ये संपत असता कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षारावर आणखी चार वर्षे मागितली. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींनी २०१९ मध्ये तिला हरकत घेतली. दोघीही क्षयातून वाचलेल्या, आणि जुन्या विषारी औषधांमुळे दोघींचेही कान गेलेले. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. सामान्य माणसाने कायदा समजून घेतला तर काय होऊ शकते याचा हा वस्तुपाठ आहे.

मोटारींच्या जगातही असे उदाहरण आहे. आज चाकणला बनणाऱ्या प्रत्येक मोटारीत छातीवरून आणि कमरेवरून जाणारा सुरक्षापट्टा असतो. तो १९५९ मध्ये व्होल्व्हो कंपनीतील निल्स बोलिन या अभियंत्याने तयार केला. कंपनीने पेटंट घेतले, आणि जीव वाचवणारी वस्तू आहे म्हणून इतर सर्व कंपन्यांना ती वापरण्यास मोकळीक दिली. कंपनी बुडाली नाही, आणि जगातील असंख्य माणसे वाचली.

तर मग उत्तर काय? पेटंट हे अवजार आहे. ते पूज्यही नाही आणि पापही नाही. कोणत्या कामाला लावले यावर त्याचा न्याय करावा. दुबळ्या शोधकाला आपले ज्ञान न लपवता मांडता यावे, यासाठी ते उपयोगी आहे. मोठ्याने लहानाची वाट अडवावी, जुन्यालाच रंग देऊन मुदत वाढवावी, किंवा मरणाऱ्याच्या उशाशी बसून किंमत ठरवावी, यासाठी ते वापरले तर ते शोधाला आणि माणुसकीला दोन्हींना बाधक आहे. जेथे शुल्क देऊन सर्वांना वापरता येईल तेथे मनाई असू नये. जेथे जिवाचा प्रश्न आहे तेथे तर मुळीच असू नये.

आपल्या पट्ट्यातील कामगारांसाठी दोन मागण्या मला रास्त वाटतात. जर्मनीच्या कंपन्या आज चाकणला आहेत. त्या जर्मनीत १८९१ पासून लहान सुधारणांसाठी कमी मुदतीचे, सोपे आणि स्वस्त असे छोटे पेटंट मिळते. आपल्याकडे तशी सोय नाही. मामांच्या फिक्श्चरला तेच योग्य ठरले असते. त्याच जर्मनीत १९५७ च्या कायद्याप्रमाणे नोकरीतील कामगाराने शोध लावला आणि मालकाने तो घेतला तर कामगाराला वाजवी मोबदला द्यावाच लागतो. आपल्या कायद्यात शोधकाचे नाव पेटंटवर लावण्याची तरतूद आहे, मोबदल्याची नाही. कामगार संघटना बोनससाठी भांडतात, ते योग्यच आहे. कामगाराच्या बुद्धीच्या दामासाठीही त्यांनी भांडले पाहिजे. हात आमचे आणि डोके साहेबांचे, ही समजूत जुन्या विषमतेचेच नवे रूप आहे.

शेवटी कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखी एक गोष्ट सांगतो. आपल्या कारखान्यात सूचनांची पेटी असेल. कोणाला काही सुचले तर कागदावर आकृती काढा, तारीख घाला, आणि खाली ज्याला सुचले त्याचे नाव लिहा, मग तो हेल्पर असो, शिकाऊ उमेदवार असो की कंत्राटी कामगार असो. ते सर्वांना शिकवा, पण नावासकट शिकवा. नाव लिहायला पैसा लागत नाही. ज्याचे नाव राखले जाते तो मूठ मिटत नाही.

मी ते केले नाही. मामांचे देणे माझ्याकडे अजून बाकी आहे. हा लेख म्हणजे त्यातला अगदी लहानसा हप्ता आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे अशी बाकी असेल आणि ज्यांचे मामा अजून हयात असतील, त्यांनी ती आजच फेडावी.